अर्थ लागत नाही

लाल दिवा विझत नाही.
किल्ली फिरवली की पेटावा, इंजिन चढलं की विझावा,
एवढंच त्याचं काम.
कोपरीच्या पुलावर चढेपर्यंत हेडलाइट पिवळा,
उतरेपर्यंत केशरी,
बारा बंगल्याच्या वळणावर तर
समई परवडली.

पहिल्या रविवारी बॅटरी बदलली. सहा व्होल्टची,
कल्याणच्या दुकानात नाव नोंदवून, तीन आठवडे थांबून.
दुसऱ्या रविवारी कार्बन.
तिसऱ्या रविवारी उथळसरचा इलेक्ट्रिशियन म्हणाला,
आर्मेचर गेलं. सात हजार.
नाहीतर विका साहेब, येझदी आहे,
कॅफेवाले भिंतीला टांगायला घेतात.

चौथ्या रविवारी ढकलत ढकलत चेंदणीत,
नाखवाबाईंच्या दारात.

सुलभा नाखवा. वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा,
एकवीस वर्षं आर्मेचर भरली.
कंपनी बुडाली तेव्हा सात महिन्यांचा पगार राहिला
आणि घरी एक मल्टीमीटर आला.
कसा आला, मी विचारलं नाही.
अंगणात जवळा वाळत घातलेला,
मांजर हाकायला नातू बसवलेला,
त्याच्या शेजारी माझी गाडी.
मरून रंग, तीन हात, वर लॅकर,
राबोडीच्या पेंटरनं सोनेरी रेघ तर श्वास रोखून ओढलेली.
बाई रंगाकडे बघेचनात.

कव्हर काढलं. केसातली पिन काढली.
कम्युटेटरच्या खाचांतली काळी भुकटी
एकेक करून उकरली, कानातला मळ काढावा तशी,
आणि फुंकर मारली ती माझ्याच शर्टावर.
"किती दिवस उभी होती?"
दीड वर्ष.
"मग विसरला असेल डायनामो.
याला वीज करायला आधी थोडी लागते. उसनी नाही, स्वतःची.
मागच्या फिरण्यातलं चुंबक लोखंडात राहतं जरासं,
त्यावर उभा राहतो. फार दिवस पडला की तेही जातं.
मार किक."

चौथ्या किकला सुरू झाली.
नातवानं कान झाकले, मांजर जवळ्यावरून थेट कौलांवर.
मीटरचा काटा हलला, थांबला, मग चढतच गेला.
"नाही विसरला," बाई म्हणाल्या,
ओळखीतल्या कुणाबद्दल बोलावं तसं.

लाल दिवा तसाच.

"वीज होते. पोचत नाही."
कटआउटच्या डबीवर बोट ठेवून त्या बसल्या.
धूर, जवळ्याचा वास, खाडीवरून येणारा कसलासा आणखी एक.
"अर्थ कुठे दिलास?"
दिलाय की, म्हटलं. डबी फ्रेमला बसवलीय, दोन बोल्टनी घट्ट.
"फ्रेमला?"
हो.
"का रंगाला?"

मी काही बोललो नाही.
त्यांनी स्क्रूड्रायव्हर घेतला,
टोक इंजिनच्या पात्यावर, दांडी डबीच्या अंगाला.
टक्.
आतली पट्टी चिकटली
आणि लाल दिवा गेला.
उचलला, आला. टेकवला, गेला.
नातवाला भारीच आवडलं, आणखी एकदा म्हणाला.
एकदा केलं.

मग पॉलिश पेपर मागितला.
मी घासतो, म्हटलं, आणि घासलं नीट नाही,
वरवर, रेघ सांभाळून.
त्यांनी हातातून घेतला.
आधी लॅकर गेलं, मग मरून, मग करडा प्रायमर,
आणि खाली रुपयाएवढं लोखंड,
फॅक्टरीतून आलं तसं, नागडं.
दर थराला मी पेंटरचं बिल आठवत होतो.
"कौतुकानं रंगवलीस," त्या म्हणाल्या. "झाकून टाकलीस."
लगेच नातवाला ओरडल्या, कारण मांजर परत आलं होतं.

पैसे घेतले नाहीत. झिजलेले कार्बन मागितले,
बशीत ठेवले, कशाला ते सांगितलं नाही.

परतताना पुलावर हेडलाइट पांढरा नव्हताच,
सहा व्होल्टचा पांढरा नसतो,
पण मूठ पिळली की पुढचा रस्ता
हातभर लांब व्हायचा.
सिग्नलला पुन्हा मंद. मी पिळत राहिलो,
रिक्षावाला बघत राहिला.

निघताना त्या दारातून म्हणाल्या होत्या,
"उघड्या जागेला व्हॅसलीन लाव, गंज धरेल.
आणि तिथे पुन्हा रंग देऊ नकोस.
कितीही वाईट दिसलं तरी."